फाटकातली वजाबाकी

मोटारींना मज्जाव असलेल्या रस्त्यावर मी सायकलसकट दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये अडकले आणि माझ्या डोळ्यांदेखत एक मोटार आरामात पुढे निघून गेली. आठवडा होत आला, राग अजून उतरलेला नाही.

फ्रान्समध्ये अशा रस्त्यांना 'व्हुआ व्हेर्त' म्हणतात. पायी जाणारे, सायकलवाले, स्केटिंगवाले, घोडेस्वार, सगळ्यांना मुभा, इंजिनाला बंदी. बर्गंडीतला झिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा रस्ता या जातीचा देशातला पहिला, १९९७ सालचा. पूर्वी इथून आगगाडी जायची. रूळ काढले, डांबर टाकलं. आगगाडीचीच वाट, त्यामुळे चढ नावापुरता. आधी द्राक्षमळे, मग कुरणं, आणि कुरणांत पांढऱ्या शारोले गाई, ज्यांना आयुष्यात कसलीही घाई नाही. माझी भाची लिऑनला शिकते. "मावशी, एकही गाडी नाही, तुझ्यासारखीला सहज झेपेल," असं ती फोनवर म्हणाली होती. त्या 'तुझ्यासारखीला'चा हिशोब वेगळा बाकी आहे.

गाडी नाही हे खरंच. पण गाडी येऊ नये म्हणून केलेली व्यवस्था जागोजागी आहे. हा रस्ता जिथे जिथे गावच्या रस्त्याला छेदतो, तिथे दोन आडवे दांडे, पुढेमागे सरकवून लावलेले. सायकलने त्यांच्यामधून वळसा घेत निघायचं. आपल्याकडे देवळांच्या आणि बागांच्या दाराशी गुरं आत येऊ नयेत म्हणून लोखंडी नागमोडी वाट करतात, तसलाच प्रकार. फरक इतकाच, की आपल्याकडच्या गुरांना ती कशी पार करायची हे केव्हाच कळलेलं आहे.

माझ्या सायकलला चार बॅगा, दोन पुढे, दोन मागे, कॅरिअरवर तंबू. पुढचं चाक वळलं, पुढच्या बॅगा घासत का होईना निघाल्या, आणि मागची उजवी बॅग दांड्यात रुतली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. भाची केव्हाच दिसेनाशी झालेली.

फाटकाला लागून एक बसकं घर होतं. आगगाडीच्या काळात अशा घरांत फाटकवाल्यांची बिऱ्हाडं असायची. गाडी बंद झाल्यावर कितीतरी घरं लोकांनी राहायला घेतली. त्या घरातून एक आजोबा बाहेर आले. वय ऐंशीच्या आसपास, अंगात निळा कामाचा कोट, पायात घरातल्या कापडी सपाता, मागे एक ठेंगणं कुत्रं. "बोंझूर, मादाम," म्हणाले आणि थांबले. मी "बोंझूर" म्हणेपर्यंत थांबलेच. या देशात त्याशिवाय काही सुरू होत नाही. घराला आग लागली तरी बंबवाल्यांना आधी बोंझूर करत असावेत. मी दांड्यांच्या आतून बोंझूर केलं. कुत्र्यालाही केलं, उगाच कुणाचा मान राहायला नको.

आता हे मागून सायकल उचलतील, असं मला वाटलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि मला एक प्रदक्षिणा घातली. मग दुसरी, उलटी. जिभेने 'च्च' केलं. कोटाच्या खिशातून घडीची लाकडी मोजपट्टी काढून खटाखट उलगडली. दांड्यांमधली जागा जमिनीलगत मोजली, मग हँडलच्या उंचीवर मोजली, मग खाली वाकून माझ्या बॅगा मोजल्या, या बॅगेच्या बाहेरच्या कडेपासून त्या बॅगेच्या बाहेरच्या कडेपर्यंत, चोखपणे, शिंप्याने ब्लाउजचं माप घेताना घ्यावं तेवढ्या गंभीर चेहऱ्याने. हँडलवरच्या पारदर्शक पाकिटात माझा नकाशा होता. तो त्यांनी न विचारता काढला, कानावरची पेन्सिल घेतली आणि कोर्मातँ गावाच्या जरा वरच्या रिकाम्या जागेत वजाबाकी मांडली. एका आकड्याखाली दुसरा, हातचा घेऊन, खाली रेघ. उत्तराला गोल केला आणि नकाशा माझ्या नाकासमोर धरला. अकरा सेंटिमीटर.

मी मान डोलावली. वजाबाकी बरोबर होती.

त्यांनी तोच आकडा तोंडानेही सांगितला. मग मोठ्याने सांगितला, कारण परक्या माणसाला ऐकू कमी येतं असा जगभर समज आहे. मी मागच्या चाकाकडे बोट दाखवून 'जरा उचला ना'ची खूण केली. त्यांनी तर्जनी डावीउजवीकडे हलवली. उचलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शिकवणं बसत होतं. आणि मग ते सायकल झाले. दोन्ही हात पुढे हँडल धरल्यासारखे, अंग जरा वाकलेलं. बाजूच्या मोकळ्या फटीतून आधी डावा खांदा, मग कंबर, मग उजवा खांदा असे सपाता फरफटत पलीकडे गेले. पलीकडे पोचल्यावर तोंडाने "द्रिंग" केलं. कुत्रं मागोमाग गेलं. मग परत आले आणि मला नीट समजावं म्हणून तेच सगळं सावकाश करून दाखवलं, द्रिंगसकट. एरवी मी यासाठी तिकीट काढलं असतं.

तेवढ्यात फोन. "मावशी, कुठे आहेस? बेकरी बाराला बंद होते."

"फाटकात आहे."

"कसल्या फाटकात?"

सांगितलं.

"अगं, बॅगा काढायच्या, पलीकडे ठेवायच्या आणि यायचं. त्यात काय!"

'त्यात काय' म्हणणाऱ्यांच्या सायकलला फक्त पाण्याची बाटली असते. तंबूचे लवचिक पट्टे सोडा, चार बॅगा एकेक करून उतरवा, पलीकडे नेऊन टेका, सायकल ढकला, सगळं पुन्हा चढवा. पुढच्या गावात पुन्हा तेच. बरं, मी धडधाकट आहे, मी करीन. पण मुलांसाठी मागे गाडा जोडलेले आईबाप येतात. हाताने चालवायच्या तीनचाकीवर बसून येणारी माणसं असतात. त्यांनी काय उतरवून पलीकडे ठेवायचं? लांबच्या प्रवासाला म्हणून रस्ता बांधायचा आणि दारात सामान अडवायचं. हे दांडे ज्याने आखले त्याने आयुष्यात दप्तराखेरीज काही सायकलला लावलेलं नसणार.

मनात हे चालू असताना गावच्या नगरपालिकेची पांढरी व्हॅन आली, कडेचं गवत कापायला. पोरगा उतरला. मला बोंझूर, आजोबांना बोंझूर, कुत्र्याच्या डोक्यावर हात. खिशातून किल्ली काढली, माझ्या खांद्याशेजारचं कुलूप उघडलं, बाजूचा दांडा फिरवून सताड उघडला, गाडी पलीकडे घातली, उतरून दांडा जागेवर आणला आणि कुलूप लावलं. मी हातवारे केले, ओरडले, मराठीतसुद्धा ओरडले. त्याने हसून "बों कुराज!", म्हणजे 'हिंमत ठेवा', म्हटलं आणि गेला. आजोबांनी त्याला टोपी काढून सलाम केला. नियमाने सगळं झालं होतं.

पुढे क्लुनीला एकेकाळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च होतं. रोमचं सेंट पीटर्स उभं राहिलं तेव्हा कुठे ते मागे पडलं. राज्यक्रांतीनंतर याच लोकांनी ते विकलं आणि दगडांसाठी पाडलं. आता आडव्या दालनाचा एक हात आणि थोडे मनोरे उरलेत. एवढं अवाढव्य देऊळ ज्यांना पाडता आलं, त्यांना एक दांडा अकरा सेंटिमीटर सरकवता येत नाही? क्लुनीच्या पलीकडे आगगाडीचा जुना बोगदा आहे, दीड किलोमीटरहून लांब. वटवाघळांची झोप मोडू नये म्हणून तो हिवाळ्यात बंद ठेवतात. वटवाघळांशी माझं वाकडं नाही. त्यांचा विचार करणाऱ्या खात्यात तंबूचा विचार करणारा एखादा कारकून नेमावा, इतकंच.

आजोबा आता तिसरी युक्ती सांगत होते. तीत बहुधा चाकांतली हवा काढायची होती. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. बारा. त्यांनी शब्द अर्ध्यावर सोडला, मोजपट्टी खटाखट मिटली, पेन्सिल कानावर गेली. "बों आपेती, मादाम," म्हणजे 'सावकाश जेवा', म्हणून आत गेले आणि दार लावून घेतलं. खिडकीतून लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास यायला लागला. तो वास घेत मी चारही बॅगा उतरवल्या.

गावात पोचले तर सगळीकडे फळ्या लागलेल्या, दोन वाजेपर्यंत. पुण्याचा दाखला इथे देत नाही, तो सगळेच देतात. भाची चर्चच्या पायरीवर पाव खात बसली होती. "एकच उरला होता," म्हणाली. त्यातलाही अर्धा उरला होता.

घरी आल्यावर तिला या रस्त्याचा कारभार पाहणाऱ्या कचेरीला ईमेल लिहायला लावली. मी तोंडाने सांगितलं, 'हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.' तिने 'किंचित गैरसोय' असं लिहिलं, हे मला नंतर कळलं. काल उत्तर आलं. आमच्या मार्गात रस घेतल्याबद्दल मनःपूर्वक आभार, सोबत माहितीपत्रक जोडलं आहे. मुखपृष्ठावर एक बाई हसतमुखाने अगदी तसल्याच दांड्यांमधून सायकल काढते आहे. पुढे वेताची टोपली, टोपलीत सूर्यफुलं. मागे कॅरिअरच नाही.