बीअर आज गैरहजर आहे

थायलंडच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाणाऱ्याची पहिली परीक्षा हजेरीच्या वेळी होते. पटावरची नावं पाऊण ओळीची, पण त्या नावांना वर्गात फारसं कुणी ओ देत नाही. चालतात ती टोपणनावं : बँक, गोल्फ, आइस, बेन्झ, बीअर. भल्या सकाळी, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ‘बीअर कुठे आहे?’ असं विचारता आलं, की निम्मं प्रशिक्षण झालं म्हणायचं.

बरं, हे काम फुकट म्हणावं तर तसंही नाही. राहण्या-जेवणाचे पैसे मध्यस्थ संस्था बहुतेक वेळा आपल्याकडूनच घेतात. पदरमोड करून वेठबिगारी! शिवाय पगार नसला तरी कायद्याच्या लेखी ते कामच. टुरिस्ट व्हिसावर शिकवता येत नाही. योग्य व्हिसा आणि कामाचा परवाना दोन्ही लागतात. ते कोण काढून देणार, हे तिकिटाआधी लेखी घ्यावं. कागदावर २०२६ च्या जागी २५६९ दिसलं तर दचकू नये. तिथलं बुद्धसंवत ५४३ वर्षं पुढे चालतं.

तास ५० मिनिटांचा. त्यातली दहा बूट काढण्यात आणि ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ या सामुदायिक आरतीत जातात. तापाने फणफणलेलं पोरही तिथे फाइनच असतं. उरली ४० मिनिटं, आणि मुलंही ४०. एकेकाला ३० सेकंद बोलतं करायचं तरी २० मिनिटं गेली, आणि तोवर उरलेली ३९ वर्गाचा बाजार करतात. म्हणून जोड्या लावाव्यात. आणि ‘समजलं?’ असं चुकूनही विचारू नये. ‘येस!’ असा गजर होतो. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, या भिडेला तिथे ‘क्रेङ जाइ’ म्हणतात. त्यापेक्षा ‘वाक्यं किती लिहायची? एकट्याने की जोडीने?’ असं विचारावं. कुणाला काय कळलंय ते लगेच उघडं पडतं.

खरा घाम फुटतो तो शब्दांच्या शेपटाशी. थाई उच्चारात शब्दाच्या शेवटी ल, र आणि स यांना कामाचा परवानाच नाही. ल-र चा न होतो, स चा त. फुटबॉल होतो ‘फुतबॉन’, बस होते ‘बत’. हसण्याआधी हे लक्षात घ्यावं, की याच न्यायाने आहाराचं ‘आहान’ झालं, नगराचं ‘नखोन’ आणि मंगलाचं ‘मोङखोन’. जिथे संस्कृतची डाळ शिजली नाही, तिथे इंग्रजी शिकवण्याच्या आपल्या १२० तासांच्या प्रमाणपत्राची काय कथा! तरी एक उपाय आहे. नुसतं ‘स्कूल’ घोकून घेऊ नये, ‘स्कूल इज’ म्हणवून घ्यावं. ल सरकून पुढच्या अक्षराच्या तोंडाशी येतो, आणि तिथे तो त्यांना झकास जमतो. मग ‘इज’ हळूहळू दबका करत गिळायचा. स साठी सापाचा फुत्कार काढायला लावतात. पण ४० साप एकदम सुटले की शेजारचे मास्तर दारात उभे. ‘व्हेरी वेल’मधल्या दोन व-कारांवर मात्र आपण मराठी माणसांनी फार तोंड उघडू नये.

‘यस्टरडे आय गो’ याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. थाई क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. काल म्हटलंय ना, मग क्रियापदाने पुन्हा कपडे कशाला बदलायचे? मुद्दा बिनतोड आहे. मी तर लाल पेन टेबलावर ठेवून देण्याच्या मताचा.

शाबासकी द्यायची तर शब्दांनी. डोक्यावर हात ठेवणं तिथे अपमानाचं. त्याची भरपाई ‘वाय ख्रू’च्या, म्हणजे गुरुवंदनेच्या, दिवशी होते. ख्रू म्हणजे आपला गुरूच, आणि हा सोहळाही सहसा गुरुवारीच. मुलं गुडघ्यांवर येऊन तबक पुढे करतात. त्यात दूर्वा, लाह्या आणि चक्क वांग्याची फुलं! गणपतीखेरीज दूर्वा वाहून घेण्याचा योग दुसऱ्या कुणाला येतो?

निरोपाच्या कार्डावर स्पेलिंग बिनचूक असतं. मग सगळी एका सुरात म्हणतात, ‘आय मित यू, टीचर!’ आठवण येईल म्हणतायत की भेटू म्हणतायत, ते ऐकून कळत नाही. दुरुस्ती करायची तर मिसपुढे ‘यू’ आहेच, स सरकवता येईल. पण त्या दिवशी कुणी तो तास घेत नाही.