चार पॉइंटवाल्याने दुसऱ्याला जिंकवायचं का? तलावपाळीवरचा वाद

बोर्ड गेममध्ये एकाने दोन दगड देऊन एक मेंढी घेतली, एवढंच झालं होतं. पण त्यावरून रविवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर असला राडा झाला की चहाच्या तीन फेऱ्या संपल्या तरी विषय संपेना. मला तो लिहून ठेवायचाय, कारण हा प्रश्न फक्त आमच्या ग्रुपचा नाहीये, तीन-चार जण स्वतःपुरते खेळायला बसले की कधी ना कधी येतोच.

आधी झालं काय ते सांगतो. आमचा बोर्ड गेमचा ग्रुप शनिवारी वर्तकनगरला एकाच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये जमतो, कोणी कळव्याहून येतं, कोणी ऐरोलीहून, घोडबंदरवाले ट्रॅफिकमुळे कायम शेवटी. परवा आमच्या टेबलवर कटान लागलं होतं. ज्यांनी खेळलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, १९९५ साली जर्मनीत आलेला गेम, क्लाउस टॉयबरने बनवलेला, १९ षटकोनी तुकड्यांचं एक बेट, तुकड्यांवर आकडे, दोन फाशांची बेरीज त्या आकड्यावर आली की तिथे ज्याची वस्ती त्याला तिथला माल. विटा, लाकूड, मेंढी, गहू, दगड. माल भरून रस्ते, वस्त्या, शहरं बांधायची, आधी १० पॉइंटला पोचेल तो जिंकला. ज्याची टर्न असेल त्याच्याशी बाकीचे मालाची अदलाबदल करू शकतात आणि गेमचा सगळा जीव त्या घासाघाशीत आहे.

तर मिह्या ९ वर, प्राजू ८ वर, मी ७ वर आणि अन्या ४ वर. टर्न मिह्याची. त्याला एका वस्तीचं शहर करायचं होतं, म्हणजे तीन दगड दोन गहू. गहू होते, दगड एकच. त्याने विचारलं मेंढीवर कोणी दगड देतं का, आणि अन्याने हातातले दोन्ही दगड टेबलवर सरकवले, म्हणाला घे, एक मेंढी दे. मिह्याने शहर ठेवलं, १० झाले, गेम ओव्हर. प्राजूने काही न बोलता हातातली पानं उलटी करून दाखवली, एक लपवलेलं पॉइंटचं कार्ड आणि नवीन वस्तीचा पूर्ण माल. पुढची टर्न तिचीच होती. अडीच तास खेळून ती एका टर्नने गेली.

रविवारी अन्या कट्ट्यावर येऊन टेकतो न टेकतो तोच प्राजूने सुरू केलं, "हे चीटिंग होतं." अन्या म्हणाला रूल दाखव. रूल त्याच्याच बाजूने आहे हे खरंय. कटानमध्ये माल फुकट देता येत नाही, काहीतरी बदल्यात घ्यावं लागतं, ते त्याने घेतलं. बाळ्या तेव्हा दुसऱ्या टेबलवर कोडनेम्स खेळत होता, तो लगेच म्हणाला मग संपलं, नियमात बसतं ते चालतं, वाद कसला घालताय.

पण अन्याला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. "तीनदा चोर माझ्या डोंगरावर बसवलास तू. तीनदा! मिह्या पुढे होता, त्याला सोडून चार पॉइंटवाल्याला मारलंस. मग मी का तुला जिंकू द्यायचं?" डोंगर म्हणजे दगड देणारा तुकडा, आणि फाशांवर ७ आला की चोर हलवायचा असतो, तो ज्या तुकड्यावर बसेल तिथला माल बंद, वर तिथल्या माणसाचं एक पान उचलायचं. दोन फाशांच्या ३६ शक्यतांत ७ सहा वेळा येतो, म्हणजे चोर कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर बसणारच, पण सारखा एकाच्याच डोक्यावर बसला तर माणूस तापतो, आणि तापणं साहजिक आहे हे मी कट्ट्यावर पण बोललो.

प्राजूचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं होतं. ती म्हणाली, "बेटावर डोंगर तीनच असतात. एकावर २ होता, एकावर ११, आणि तुझ्यावर ८. छत्तीसातून पाच वेळा येतो ८. दगड येणार तो तुझ्याकडूनच, आणि मिह्याला शहरं करायला दगडच हवा होता. मी तुला अडवत नव्हते रे, त्याचा माल अडवत होते." मला हे एकदम पटलं, ती टेबलवरची सगळ्यात बरोबर चाल होती. अन्याला पटलं नाही. तो म्हणाला ज्याच्यावर चोर बसतो त्याला कारण कळून काय फायदा, त्याचा माल तर गेलाच ना.

आमच्या शेजारी एक काका बसतात, रिटायर्ड, कॅरम आणि मेंढीकोटवाले. ते इतका वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "आमच्या मेंढीकोटात भिडू असतो. भिडूला हात देणं हाच खेळ. तुझा भिडू कोण होता?" अन्या म्हणाला, "काका, बदामसातमध्ये नाही का आपण पान दाबून ठेवत? नव्वी दाबली की पुढचे अडकतात. कोणाला अडकवायचं ते आपणच ठरवतो." काका म्हणाले, "दाबतो, पण आपण सुटावं म्हणून दाबतो. तू कशासाठी दिलेस दगड?"

माझ्या मते सगळं इथेच आहे. नियमात बसतं का हा प्रश्नच छोटा आहे, हाच सौदा पहिल्या अर्ध्या तासात केला असतास का, असं विचारलं पाहिजे. मी अन्याला तेच विचारलं. तो म्हणाला मला मेंढी हवी होती, गहू होता माझ्याकडे, डेव्हलपमेंट कार्ड (माल देऊन घ्यायचं झाकलेलं पान) घेणार होतो. आणि तेव्हा मिह्या, जो जिंकला होता आणि इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, "कार्डाला मेंढी, गहू आणि एक दगड लागतो. मी एका मेंढीला एकच दगड मागितला होता. दुसरा तूच पुढे केलास. कार्ड घ्यायचं होतं तर तो ठेवायचास ना." अन्याकडे ह्याला उत्तर नव्हतं. मिह्या पुढे म्हणाला, मला ते जिंकल्यासारखं वाटलंच नाही, म्हणून मी ग्रुपवर टाकलं पण नाही. मला मिह्याचं फार बरं वाटलं, कारण फायदा त्याचा झाला होता, गप्प बसला असता तर कोणी काही म्हणालं नसतं.

पण बाळ्याने मग जो मुद्दा काढला तो खरंच अवघड आहे. तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय तसं सगळे शहाण्यासारखे वागले तर शेवटच्या माणसाची भीतीच कोणाला राहणार नाही. त्याला कितीही लुटा, तो काय करणार, गुपचूप चार पॉइंट घेऊन घरी जाणार. अन्यासारखा एखादा उलटतो म्हणून पुढच्या वेळी चोर बसवताना माणूस दहादा विचार करतो." ह्यात दम आहे. कमजोर माणसाच्या हातात तेवढंच हत्यार असतं.

माझं म्हणणं एवढंच की ते हत्यार आधी दाखवायला पाहिजे. दुसऱ्यांदा चोर बसला तेव्हाच अन्या म्हणाला असता, प्राजू, परत इथे बसवलास तर माझा दगड मिह्याला जाईल, तर ती घासाघीस झाली असती, अस्सल कटान झालं असतं, प्राजूने हिशोब केला असता आणि कदाचित चोर दुसरीकडे नेला असता, किंवा मुद्दाम तिथेच ठेवला असता, पण जाणूनबुजून. न सांगता शेवटच्या टर्नला ओतून टाकलं की त्याचा धाक कोणावरच बसत नाही, राग निघतो फक्त. अन्या म्हणाला मी बोललो होतो. मिह्या म्हणाला तू "बघतो तुला" म्हणालास. आता "बघतो तुला" ही धमकी धरायची की नाही ह्यावर दहा मिनिटं गेली, प्राजू म्हणे ठाण्यात हे वाक्य माणूस रिक्षावाल्याला पण म्हणतो, त्यातून मी दगडाचं गणित कसं काढू.

मग बाळ्याने सगळं गेमवरच ढकललं, म्हणाला कटानच वाईट, पॅन्डेमिक खेळा, सगळे मिळून रोगांशी लढा, जिंकलो तर सगळे हरलो तर सगळे. पण मॅट लीकॉकच्या त्या गेममध्ये (२००८ चा आहे) ज्याला जास्त येतं तो सगळ्यांच्या चाली खेळायला लागतो, आमच्याकडे हे झालंय, नवीन आलेली मुलगी नुसती सोंगटी उचलून सांगतील तिथे ठेवत होती. तिकीट टू राइडमध्ये तिकिटं शेवटपर्यंत झाकलेली असतात, नक्की कोण पुढे आहे ते कळत नाही, त्यामुळे कोणाला जिंकवायचं म्हटलं तरी सोपं नाही, हा उपाय मला हुशारीचा वाटतो. आणि डिप्लोमसीसारखा १९५९ चा गेम घ्या, फासे नाहीत, सात देश, दिलेला शब्द मोडायची पूर्ण मुभा, पण तिथे बसणारा माणूस हे माहीत असूनच बसतो.

लहानपणीचा व्यापार आठवतो का? धाकटा भाऊ बुडायला लागला की आपल्या जागा बहिणीला कवडीमोल भावात विकून टाकायचा, दादाला मिळू नयेत म्हणून. तेच हे. फरक एवढाच की व्यापारात बुडालेला माणूस उठून टीव्ही बघायला जातो. त्या खेळाचं मूळ एलिझाबेथ मॅगी ह्या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट केलेल्या खेळात आहे, आणि जमिनीची मक्तेदारी बाकीच्यांना कशी संपवते हेच त्यांना दाखवायचं होतं, मग लोक संपणारच. कटानमध्ये मुद्दाम कोणालाच बाहेर काढत नाहीत, सगळे शेवटपर्यंत टेबलवर. मला ते फार आवडतं, ऐरोलीहून बस बदलत आलेल्या माणसाला पाऊण तासात आउट करून खुर्चीत बसवून ठेवणं ही काय संध्याकाळ झाली? पण त्याची किंमत ही, की जिंकायची आशा नसलेला माणूस पानं हातात घेऊन बसून राहतो आणि त्या पानांवर दुसऱ्यांचा अडीच तासांचा खेळ टांगलेला असतो. म्हणून शेवटच्या माणसावर जबाबदारी जास्त येते असं मी मानतो. प्राजू हरली त्याचं मला काही नाही, मी पण हरलोच. पण तिने इतका विचार करून खेळलेला गेम गेमच्या आत ठरायला हवा होता.

"मग चारवाल्याने करायचं काय?" अन्याने शेवटी विचारलं, आणि ह्यावेळी भांडायच्या सुरात नाही. पाचसाठी खेळायचं, प्राजू म्हणाली. अन्या म्हणाला, पण आपण लिहितो फक्त जिंकणाऱ्याचं नाव, पाचला विचारतो कोण? हे मात्र आम्हा सगळ्यांनाच लागू होतं. तर आता शीटमध्ये सगळ्यांचे पॉइंट लिहायचे असं ठरलंय, म्हणजे चार आणि पाच ह्यात काहीतरी फरक राहील. बाळ्या अजून विरोधात आहे, त्याच्या मते असं केलं तर शनिवारचा खेळ म्हणजे परीक्षाच होईल.

अन्या तयार झाला. "माझे चार लिहा," म्हणाला, "पण चोर तीनदा बसला ते पण लिहा." प्राजूने फोन काढून दोन्ही तिथेच टाईप केलं.