टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड कमी नव्हे

गेल्या पंधरवड्यात सासरच्या, माहेरच्या आणि सोसायटीच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरला. थायरॉइडसाठी फक्त टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) बघा, तो कमी म्हणजे थायरॉइड कमी. महिन्याभरात वाढला नाही तर औषध लागू नाही. अँटिबॉडीची तपासणी म्हणजे लॅबवाल्यांची कमाई. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद. मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि माझ्या धाकट्या जावेला यंदाच्या वैशाखात ग्रेव्हज डिसीज, म्हणजे थायरॉइड जास्त काम करण्याचा आजार, निघाला. त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला दावा सगळ्यात घातक. टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयारच होत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतो. आपल्या चादरीच्या कारखान्याचंच घ्या. टीएसएच ही ऑर्डर, टी३ आणि टी४ हे थायरॉइडचे हार्मोन म्हणजे माल. गोदाम भरलं की ऑर्डर थांबते. म्हणजे टीएसएच तळाला गेला की बहुतेक वेळा माल जास्त झालेला असतो. ग्रेव्हजमध्ये शरीरातल्याच अँटिबॉडी टीएसएचच्या जागी जाऊन बसतात, खोटी ऑर्डर देत राहतात, आणि माग रात्रंदिवस चालतो.

जावेचा टीएसएच ०.००५ होता, जो साधारण ०.४ ते ४ असायला हवा. फ्री टी४ (रक्तात मोकळा फिरणारा टी४) होता ४.१, आमच्या रिपोर्टवर वरची मर्यादा १.७. ती घरी युनिफॉर्म शिवते. सुईत दोरा ओवताना हात इतका थरथरायचा की शेवटी लेकाला हाक मारायची. घाम आणि धडधड आम्ही सोलापूरच्या उन्हावर ढकलली. त्यात शेजारच्या काकूंनी मेसेज वाचून स्वतःची थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड कमी असणाऱ्यांच्या गोळ्यांची बाटली पुढे केली. "कमी आलाय ना, मग माझीच घे." त्यांनी प्रेमानेच दिली होती. पण ती गोळी घेणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाखाली आच वाढवणं.

दुसरा दावा. सहा आठवडे कार्बिमॅझोल (थायरॉइडचा हार्मोन कमी करणारी गोळी) घेतल्यावर तिचा फ्री टी४ १.४ वर आला, टीएसएच मात्र ०.००५ वरच. दीर रिपोर्ट घेऊन आले, "वहिनी, गोळी लागूच पडली नाही का?" भाऊजी, चांगली लागू पडली होती! कित्येक महिने जास्त हार्मोन पाहिलेली पिट्युटरी लगेच जागी होत नाही, तिला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून सुरुवातीला डोस ठरतो तो फ्री टी४ आणि टी३ बघून. टी३ सुद्धा हवाच, कारण कधी टी४ नॉर्मल असतो आणि टी३ अजून चढलेला. त्या भेटीत डॉक्टरांनी तिचा डोस वाढवला नाही, उलट कमी केला. टीएसएचच्या मागे लागून वाढवत गेलो असतो, तर तिचा थायरॉइड खरोखरच कमी होऊन बसला असता.

अँटिबॉडीच्या तपासणीबद्दल एक मान्य करते: टीआरएबी, म्हणजे ग्रेव्हजच्या या अँटिबॉडी मोजणारी तपासणी, दर महिन्याला करायची नसते. कोणी सांगितलीच तर कारण विचारा. पण सुरुवातीला, ग्रेव्हज आहे की दुसरं काही ते ओळखायला, ती मोलाची आहे. ग्रंथीला सूज येऊन साठलेला हार्मोन रक्तात सांडला तरी रिपोर्ट असाच दिसतो, आणि तिथे कार्बिमॅझोलचा काही उपयोग नसतो. दिवस राहिले असतील तर ही तपासणी आणखी महत्त्वाची, कारण या अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मी रक्त घेण्याआधी प्रत्येकीला विचारते: केसांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे का? थायरॉइड बिघडला की केस गळतात, म्हणून पुष्कळजणी ती घेतात. जास्त डोस असेल तर काही मशीनवर टीएसएच खोटा कमी, टी४ आणि अँटिबॉडी खोट्या जास्त दिसतात. हुबेहूब ग्रेव्हज. डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी ती थांबवायची.

नॉर्मल आला की गोळी बंद? तो नॉर्मल गोळीमुळे आलेला असतो. सहसा १२ ते १८ महिने औषध चालतं आणि थांबवण्याआधी अँटिबॉडी उतरल्या का ते बघतात.

गोळी स्वतःहून थांबवायची एक वेळ मात्र लक्षात ठेवा. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून डॉक्टरांना दाखवा. क्वचित कोणाच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. जावेच्या फ्रिजवर मी हे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय, खाली माझा नंबर, आणि रविवार असला तरी फोन कर असं.