खर्ज, जवारी आणि ऑस्करची बाहुली

२०२९ पासून ऑस्करचा सोहळा टीव्हीच्या वाहिनीवर नाही, यूट्यूबवर दिसणार, ही बातमी २०२५च्या डिसेंबरात आली आणि मी एकटाच बसून हसलो. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हटलं, सासूने सुनेला आठ-दहा वर्षं उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि आता स्वतःच सुनेच्या घरी राहायला निघाली.

कारण ज्या अकादमीचा हा सोहळा, तिच्याच अंगणात इतकी वर्षं एकच भांडण चालू होतं. घरात बसून बघायचा सिनेमा हा सिनेमा म्हणायचा का? त्याला ऑस्कर द्यायचा का?

भांडणाला तोंड फुटलं ते फ्रान्समध्ये. २०१७च्या कान महोत्सवात नेटफ्लिक्सचे दोन सिनेमे स्पर्धेत होते. पडद्यावर कंपनीचं नाव आलं आणि प्रेक्षागृहात हुर्यो उडाली. अजून सिनेमा सुरू व्हायचाय, नुसतं नाव आलंय! पुढच्या वर्षी कानने नियम केला, स्पर्धेत यायचं तर फ्रान्सच्या थिएटरांत सिनेमा लावावा लागेल. आणि तेव्हाच्या फ्रेंच कायद्याप्रमाणे थिएटरात लागलेला सिनेमा अशा ऍपवर यायला ३६ महिने थांबायचं. तीन वर्षं! नेटफ्लिक्सने हात जोडले आणि आपले सिनेमे घेऊन व्हेनिसला गेली. तिथे २०१८ साली अल्फोन्सो क्वारोनच्या 'रोमा'ला गोल्डन लायन, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला.

'रोमा'ची सुरुवात आठवते? फरशी दिसते, फक्त फरशी. कुणीतरी ती धुतंय, साबणाचं पाणी येतं आणि जातं. मग त्या पाण्यात आभाळाचा चौकोन पडतो आणि त्या चौकोनातून एक विमान हळूच सरकत जातं. कृष्णधवल, मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने टिपलेलं, चारी बाजूंनी आवाज येईल असं ध्वनिमिश्रण केलेलं. आणि जगातल्या बहुतेक लोकांनी ते बघितलं कुठे, तर घरच्या टीव्हीवर किंवा हातातल्या फोनवर. त्या विमानाचा फोनवर डास होतो. तेव्हा थिएटरवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

पण त्यांचं खरं दुखणं विमानाचं नव्हतं. नेटफ्लिक्सला ऑस्कर हवाच होता आणि त्यासाठी तिने थैली मोकळी सोडली होती. पुरस्कारांच्या प्रचारात मुरलेल्या लिसा टॅबॅक यांना कायमच्या नोकरीवर घेतलं, लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेवार्डवरचे जाहिरातींचे फलकच विकत घेतले. भाड्याने नाही, विकत. 'रोमा' बनला साधारण दीड कोटी डॉलरमध्ये आणि त्याच्या प्रचारावर अडीच ते तीन कोटी उडवल्याचे अंदाज तेव्हा छापून आले होते. म्हणजे नवरीपेक्षा वरातीचा खर्च जास्त. ए.एम.सी. आणि रीगल या बड्या थिएटर साखळ्यांनी ऑस्करचे नामांकित सिनेमे एकत्र दाखवताना 'रोमा' वगळला. स्टीव्हन स्पीलबर्ग त्याआधीच बोलून बसले होते की टीव्हीसाठी केलेल्या चित्रपटाला टीव्हीचा एमी पुरस्कार द्या, ऑस्कर नको. नियम कडक होणार अशी हवा झाली तेव्हा खुद्द अमेरिकेच्या न्याय खात्याने अकादमीला पत्र धाडलं की जपून, हे स्पर्धाविरोधी ठरू शकतं. एप्रिल २०१९मध्ये अकादमीने नियम होता तसाच ठेवला. लॉस एंजेलिस परिसरातल्या एका थिएटरात सात दिवस, रोज तीन खेळ. बस्स. आणि २०२१मध्ये स्पीलबर्ग यांच्या ऍम्ब्लिन कंपनीने नेटफ्लिक्सशी सिनेमे बनवण्याचा करार केला. त्यावर मी काय बोलू?

'रोमा'ला दहा नामांकनं आणि तीन ऑस्कर मिळाले, दिग्दर्शनाचा धरून. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मात्र 'ग्रीन बुक'ने नेला. लोक म्हणाले, हॉलीवूडने सूड घेतला. असेलही. पण आपल्याकडे विधान परिषदेची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना यातली मेख लगेच कळेल. या एका पुरस्कारासाठी पसंतीक्रम द्यायचा असतो. पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याच्या वर मतं नसली, की तळाचा सिनेमा बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. म्हणजे ज्याच्यावर थोडे लोक जीव टाकतात आणि बरेच जण नाक मुरडतात, तो अडकतो. जो सगळ्यांना 'बरा आहे की' वाटतो, तो पुढे सरकतो. मराठी माणसाला समजावायचं तर, पंगतीत सगळे घेतात तो वरणभात जिंकतो, ठेचा नाही.

आणि नेमका वरणभात आणला ऍपलने. नेटफ्लिक्सने मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द आयरिशमन'साठी १५ कोटी डॉलरच्या वर ओतले, दहा नामांकनं आली, ऑस्कर शून्य. जेन कॅम्पियनच्या 'द पॉवर ऑफ द डॉग'ला बारा नामांकनं, हाती लागला एक, दिग्दर्शनाचा. त्याच रात्री, म्हणजे २७ मार्च २०२२ला, ऍपलने सनडान्स महोत्सवात अडीच कोटी डॉलरला उचललेला 'कोडा' हा साधासा कौटुंबिक सिनेमा तीन नामांकनांतून तिन्ही घेऊन गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर स्ट्रीमिंग कंपनीला मिळाला तो पहिल्यांदाच. नेटफ्लिक्सने रान नांगरलं, पेरलं, राखण केली आणि कानामागून आली ती तिखट झाली. त्यानंतरही नेटफ्लिक्सच्या 'एमिलिया पेरेझ'ला २०२५मध्ये तेरा नामांकनं होती, मिळाले दोन. ऍपलच्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'चं तर २०२४मध्ये दहापैकी शून्य.

आता माझं म्हणणं, ज्यासाठी हे सगळं दळण घातलं.

मला या कंपन्यांची ही हाव आवडते. होय, हाव. त्यांच्या बाकी सगळ्या हावेचा मला वैताग आहे, वर्षाला वाढणाऱ्या वर्गणीपासून ते दर सहा महिन्यांनी येणाऱ्या त्याच त्या खुनाच्या मालिकांपर्यंत. पण ही एक हाव अशी होती, की तिच्यापायी त्यांनी हिशेब बाजूला ठेवून सिनेमावाल्यांना पैसे दिले. साडेतीन तासांचा, म्हाताऱ्या गुंडांचा 'आयरिशमन' स्टुडिओवाल्यांनी सोडून दिला होता. तो बनला कारण कुणाला तरी कपाटात बाहुली हवी होती. राजेरजवाड्यांनी गवयांना पदरी ठेवलं ते काय सगळ्यांना गाणं कळत होतं म्हणून? शेजारच्या संस्थानात आहे म्हणूनही ठेवलं. तरी गाणं टिकलंच ना?

आता चाचांची गोष्ट सांगतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर चाचा राहतात, मिरजेत तीन पिढ्या तानपुरे करणारं घर. मे २०२१, लॉकडाऊन, ईदचा शिरखुर्मा घेऊन वर आले. दोन आठवड्यांपूर्वी, ३० एप्रिलला, चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला होता. मराठी सिनेमा, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलाचा. हा ताम्हाणे म्हणजे 'रोमा'च्या वेळी क्वारोनकडे उमेदवारी केलेला मुलगा, आणि क्वारोन या सिनेमाचा कार्यकारी निर्माता. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा जायला २००१नंतर २०२० उजाडलं, तो हाच, आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. मी म्हटलं, चाचा, बसा, तुमच्या कामाचं आहे.

त्यात नायक रात्री मोटरसायकलवरून मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून जातो. अगदी संथ. कानात माई नावाच्या, सिनेमातल्या थोर गायिकेची जुनी व्याख्यानं आणि मागे तानपुरा. माईंचा आवाज चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. सिनेमा घराघरांत पोचायच्या अकरा दिवस आधी, १९ एप्रिलला, त्या गेल्या. मी त्या आवाजातच अडकलो होतो. चाचा मात्र टीव्हीजवळ सरकले, मग आणखी सरकले, मग कान लावला.

"खर्ज कुठं गेला रे?"

मला कळेना.

"जवारी ऐकू येतीय. खर्ज न्हाई. ह्यो तानपुरा न्हवं, मच्छर हाय."

आमच्या टीव्हीच्या मागच्या बाजूला बोटभर रुंदीचे दोन स्पीकर. खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार त्यातून येणार कुठून? वरची झणझण, म्हणजे जवारी, तेवढी येत होती. मग मी मुलाचा हेडफोन आणला, जोडला, चाचांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी डोळे मिटले. दोन-तीन मिनिटं हललेच नाहीत. मग मोठ्याने, हेडफोनवाले बोलतात तसं ओरडून म्हणाले, "आला! आला!" पण आता टीव्ही गप्प. आवाज फक्त त्यांच्या कानात, आणि आम्ही चौघं नुसती मोटरसायकल बघत बसलो होतो.

थिएटर की घर, या वादात मला जे काही म्हणायचंय ते त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये होतं. सिनेमा पूर्ण ऐकायचा तर एकट्याने, आणि मिळून बघायचा तर खर्जाशिवाय.

पण म्हणून मी थिएटरच्या नावाने आरती ओवाळणार नाही. गेल्या वर्षी एक मराठी सिनेमा बघायला आम्ही सांगलीला गेलो. दिवसात एकच खेळ, सकाळी सव्वादहाचा, तोही मंगळवारी. आम्ही पाच डोकी. दहा वाजून वीस मिनिटांनी एक पोरगा आला, म्हणाला, सर, शो कॅन्सल, रिफंड येईल. शेजारच्या पडद्यांवर एकाच हिंदी सिनेमाचे दिवसभरात आठ खेळ. थिएटर हे सिनेमाचं देऊळ म्हणणाऱ्यांनी या देवळात मराठी देवाला गाभाऱ्यात जागा आहे की जोड्यांपाशी, ते एकदा येऊन बघावं. 'द डिसायपल' आम्ही मिरजेत बघू शकलो तो खर्जाशिवाय का होईना, त्या ऍपमुळे. नाहीतर बघितलाच नसता.

अकादमीने २०२४च्या सिनेमांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नियम वाढवला. पहिला आठवडा तर हवाच, शिवाय ४५ दिवसांच्या आत अमेरिकेतल्या ५० मोठ्या बाजारांपैकी दहा ठिकाणी सात-सात दिवस सिनेमा लागला पाहिजे. थिएटर वाचवायला म्हणे. नेटफ्लिक्सने तर न्यूयॉर्कचं जुनं पॅरिस थिएटर भाड्याने आणि हॉलीवूडचं इजिप्शियन थिएटर विकतच घेऊन ठेवलंय. तिला दहा शहरांत पडदे मिळवणं अवघड नाही. मरतो तो छोटा निर्माता, ज्याच्याकडे एका शहराचे पैसे नाहीत. आणि गंमत ऐका, शेवटी मत देणारे अकादमीचे सदस्य सिनेमे बघतात कुठे? अकादमीचं स्वतःचं ऍप आहे, घरच्या सोफ्यावर बसून बघायला! तिथे सिनेमा चढवायचेही निर्मात्याने पैसे भरायचे. २०२५मध्ये तर, अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे सिनेमे बघितलेच पाहिजेत, असा नियम करावा लागला. म्हणजे आधी काय चाललं होतं ते तुम्हीच समजा.

आपल्याकडे या बाबतीत उलट थोडं शहाणपण आहे, हे कबूल करायला हवं. राष्ट्रीय पुरस्काराला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, पडदा कुठला ते कुणी विचारत नाही. थेट प्राइम व्हिडिओवर आलेला तमिळ 'सूरराई पोट्रू' २०२२मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, कुठे हुर्यो नाही. गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाने तर २०२३पासून वेब सिरीजला वेगळा पुरस्कार सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी तो आपल्या 'लंपन'ला मिळाला. निपुण धर्माधिकारीने केलेली मालिका, प्रकाश नारायण संतांच्या लंपनची. त्या बातमीला आमच्या ग्रुपवर तीन अंगठे आले. सोडा.

मला भीती वाटते ती वेगळीच. या कंपन्या आता बाहुलीसाठी तितक्या वेड्या राहिल्या नाहीत तर? एकीला मिळाली, दुसरी थकली. शेअर बाजार त्यांना विचारतो वर्गणीदार किती आणि जाहिराती किती, व्हेनिसला काय मिळालं ते कुणी विचारत नाही. त्यांचा ऑस्करचा सोस उतरला, की फरशीवरच्या साबणाच्या पाण्याला पैसे देणारं कुणी उरणार नाही. थिएटरवाले तर देणारच नाहीत, ते आठ खेळांवाले आहेत. म्हणून दर जानेवारीत नामांकनं आली आणि या कंपन्यांची नावं यादीत दिसली, की मी मनात म्हणतो, हरा, पण खेळत राहा बाबांनो. जिंकू मात्र फार नका.

परवा चाचा जिन्यात भेटले. म्हणाले, "ते गाण्याचं लाव की परत एकदा." म्हटलं, चाचा, टीव्ही तोच आहे, खर्ज यायचा नाही. म्हणाले, "लाव तू."

रात्री नऊला दार वाजलं. चाचा उभे, मागे नातू, आणि दोघांच्या मध्ये गवसणीतला तानपुरा. सोफा सरकवला, चाचा खाली मांडी घालून बसले, भोपळा मांडीशी घेतला. सिनेमातली पट्टी काढायला त्यांना दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मोटरसायकल रस्त्याला लागली तशी त्यांनी फक्त खर्जाची तार छेडायला घेतली.