७५ मोहरांचा घोडा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मुलाचा चौथा गडी तापानं आडवा झाला आणि माझं ग्रहमान बिघडलं. "बाबा, तुम्ही बसताय का? तासाभराचं काम आहे." तासाभराचं काम हे शब्द मी आजवर फक्त प्लंबरच्या तोंडून ऐकले होते, तरी बसलो. मटण नुकतंच चुलीवर चढलं होतं. एक वाजेपर्यंत तांबड्या-पांढऱ्याला हजर होऊ असा हिशोब होता.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी काढलेला. पट असलाच तर नावाला, बाकी सगळं तोंडानं. एक पोरगा डीएम होतो, म्हणजे डन्जन मास्टर, खेळ चालवणारा. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळं मला डीएम म्हटलं की कलेक्टर आठवतो. याचे अधिकार कलेक्टरपेक्षा जास्त. डोंगर, पाऊस, राक्षस, सगळं याच्या मर्जीवर. बाकीच्यांनी "मी असं करतो" म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशांवर संसार लावल्यावर काय होतं, हे आपल्याकडं महाभारतात सविस्तर सांगून ठेवलंय, पण ऐकतंय कोण?

मला सोन्याच्या शंभर मोहरा मिळाल्या. म्हटलं, पायी कोण हिंडणार, घोडा घेऊ. डीएम म्हणाला, "७५ मोहरा." मी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकून पुढं केला. आजोबा वडगावच्या बाजारात बैल असेच घ्यायचे, कापडाखाली बोटं धरून, शेजारच्याला भाव कळू न देता. पोराला वाटलं काका पंजा लढवाय लागलेत. त्यानं हात असा दाबला की करंगळी संध्याकाळपर्यंत वाकत नव्हती.

"काका, इथं घासाघीस नसतंय. पुस्तकात जे लिहिलंय तेच."

दिले ७५. घोड्याचं नाव ठेवलं सर्जा.

डोंगराच्या पहिल्या वळणावर डीएमनं आवाज खाली आणला. "वरून सावली येते. ग्रिफन!" पोरं हबकली. मी विचारलं, "म्हणजे काय?" तर मोबाइलवर चित्र दाखवलं. पुढून गरुड, डोकं, पंख, पुढचे पाय सगळं गरुडाचं. मागून सिंह.

आई कोथिंबीर निवडत तिथंच बसली होती. तिनं चष्मा वर करून बघितलं. "ह्यात नवीन काय हाय? अंबाबाईच्या मागं सिंह उभा हाय. म्होरं गरुड मंडप हाय. मधी देवी हाय म्हणून दोघं आपापल्या जागंला हायती. हितं कोण मधी नसंल, झाले एक."

सगळ्या युरोपात ग्रिफनच्या उत्पत्तीचा याहून सरळ खुलासा कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

"आणि खातंय काय?"

"घोडा, आज्जी," डीएम म्हणाला. या खेळात पूर्वापार ग्रिफनला घोड्याचंच मांस प्रिय, म्हणे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अख्ख्या टोळीत घोडा घेतलेला मी एकटाच. हे बेणं दुकानात का नाही बोललं?

खेळातली एक फेरी सहा सेकंदांची असते. ती खेळायला आमच्या हॉलमध्ये पंचवीस मिनिटं लागतात. पोरं वाद घालत होती तोवर मी मोबाइलवर या जनावराची कुंडली काढली. खानदान जुनं आहे. क्रीटमधल्या नोसॉसच्या राजवाड्यात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना ग्रिफन रंगवलेत. हेरोडोटस सांगतो की उत्तरेकडं ग्रिफन सोनं राखतात आणि अरिमास्पी नावाचे एकडोळे लोक ते चोरतात. आणि इराणच्या दरबारातला टीसियस नावाचा ग्रीक वैद्य तर म्हणतो, हे सोनंराखे पक्षी हिंदुस्थानच्या डोंगरात असतात. चार पायांचे, लांडग्याएवढे. म्हणजे एवढं मोठं खानदान आणि नोकरी शेवटी वॉचमनची. गुजरीत सराफाच्या पेढीबाहेर स्टुलावर बंदूक आडवी घेऊन बसलेले मामा मला लगेच आठवले. फरक इतकाच की मामांनी अजून कुणाचं जनावर खाल्लेलं नाही.

ग्रिफन आणि घोडी यांची सोयरीक म्हणजे अशक्य गोष्ट, असं रोमन कवी व्हर्जिल लिहून गेला होता. पुढं १५१६ मध्ये आरिओस्तो नावाच्या इटालियन कवीनं ती सोयरीक लावूनच टाकली आणि हिप्पोग्रिफ जन्माला घातला. ज्याला खायचं त्याच्याच घरात जावई! आपल्याकडं असली लग्नं होतात, पण त्यावर महाकाव्य कुणी लिहीत नाही.

"बाबा, तुमचा डाव!"

मी आधी आकडे मागितले. कर्जाची फाइल न बघता सही करायची सवय नाही. ग्रिफनचे प्राण ५९, बुद्धी २. साध्या माणसाची बुद्धी १० धरतात, म्हणून जरा हुरूप आला. मग सर्जाचे प्राण विचारले. १३. ग्रिफन एका फेरीत चोच मारतो आणि पंजा मारतो. दोन्ही लागले तर सरासरी एकोणीस जातात. पळावं म्हटलं, तर एका फेरीत सर्जा धावतो ६० फूट आणि ग्रिफन उडतो ८० फूट. कॅल्क्युलेटरची गरज नव्हती. हे कर्ज बुडीतच होतं.

तरी मी सर्जावरून उतरून मध्ये उभा राहिलो. ग्रिफन माझ्या डोक्यावरून गेला. चोच लागली, पंजा लागला. डीएमनं आवाज आणखी खाली आणून वर्णन सुरू केलं, तेव्हा मी त्याला थांबवलं. घरात मटण शिजत असताना तसलं वर्णन ऐकवत नाही.

"विम्याचं काय?" मी विचारलं.

"काय?"

"विमा. जनावर मेलंय. पंचनामा करा."

म्हशींची कर्जं बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. क्लेम पास करायला कानातला बिल्ला लागतो आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला. सर्जाला बिल्ला नव्हता. बिल्ला नसल्यामुळं किती शेतकऱ्यांना मी टेबलाच्या त्या बाजूला उभं करून परत पाठवलंय, ते सगळे त्या दुपारी आमच्या सोफ्यावर येऊन बसले.

आतून आवाज आला, "अहो, पांढरा दुसऱ्यांदा गरम केला तर फुटंल हं!" दीड वाजला होता. ग्रिफनचे अजून एकेचाळीस प्राण शिल्लक. मुलगा म्हणाला, "आई, दहा मिनिटं." दोन वाजता एकतीस. अडीचला बारा. तीनला तो पडला, तेव्हा पोरांनी असा आरडाओरडा केला की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. पांढरा फुटला होता. आम्ही तो तसाच ओरपला. सर्जाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त आईनं नळी माझ्या ताटात घातली.

पुढच्या रविवारी चौथा गडी बरा होऊन आला. मी पेपर घेऊन लांब बसलो. पण माझ्या नावावर २५ मोहरा शिल्लक होत्या, आणि पडून राहिलेली शिल्लक मला बघवत नाही. अर्ध्या तासानं मी खुर्ची सरकवली.

"गाढव केवढ्याला?"

"८ मोहरा, काका."

"ग्रिफन खातंय काय गाढवाला?"

डीएम उत्तर देईना. त्यानं सॅकमधून एक नॅपकिन काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. मी कापडाखाली त्याची पाच बोटं धरली. त्यानं मान हलवली आणि सात दाबली.