आधी गरीब व्हा, पण पीआर कार्डासकट

छत्रपती संभाजीनगरात स्वतःचं घर बांधायचंय? मग प्रधानमंत्री आवास योजना खास तुमच्यासाठीच आहे. २०१५ साली ती आली तेव्हाच '२०२२ पर्यंत सर्वांसाठी घरे' असं ठरलं होतं. २०२२ येऊन गेलं, तरी तुम्ही भाड्याच्याच खोलीत असाल तर तो तुमचा आळस.

आधी गरीब व्हा. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठंही पक्कं घर नको. मराठवाड्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मात्र स्वतःच्या जागेवर बांधायचं तर जागेचे कागद चोख हवेत. थोडक्यात, शहरात मालकीची जमीन असलेला बेघर व्हायचं. तुम्ही काय केलंत? गावाकडं दोन पावसाळे कोरडे गेले म्हणून इकडं आलात आणि शंभराच्या बॉण्डवर वीस बाय तीसचा प्लॉट घेऊन बसलात. पीआर कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा, मागितला की बॉण्डची झेरॉक्स पुढं करता. भोगा आता.

तरी खचू नका, गुंठेवारी आहे, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विनापरवाना विकलेले प्लॉट नियमित करायची सोय. २००१ च्या कायद्याने तोवरचे प्लॉट नियमित व्हायचे. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवली. तुमचा बॉण्ड त्यानंतरचा असेल तर आणखी वीसेक वर्षं दम धरा. सरकार विसरत नाही, फक्त उशिरा आठवतं.

कागद जमले की अडीच लाख मिळतात, केंद्राचे दीड, राज्याचा एक. तेही हप्त्याहप्त्याने, बांधकामाचा फोटो जिओटॅग होऊन वर गेल्यावर. सळईवाला फोटोवर उधार देत नाही, म्हणून मधल्या काळासाठी महिना शेकडा तीन रुपये व्याजाने पैसे काढा. अनुदानाला व्याज भरायचा मान सगळ्यांना मिळत नाही.

आता खरी परीक्षा, स्लॅब. सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं आणि नळाला पाणी येतं चार-आठ दिवसांनी. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर आहे, काठोकाठ भरलेलंही असेल, त्याचा तुमच्या नळाशी संबंध जोडू नका. स्लॅबवर पाणी साचावं म्हणून मिस्त्री सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी करून देतो आणि उतरताना बजावतो, "पाणी मारत ऱ्हा बरं काका, मंग भेगा पडल्या तर मला म्हणू नका." मग टँकर मागवा. तो गल्लीच्या तोंडाशीच अडतो, कारण कोपऱ्यावरच्या भाऊसाहेबांनी जिना रस्त्यात काढलाय. पाइप पुरत नाही. मग बायको, मेव्हणा, शेजारची दोन पोरं, बादल्यांची रांग. कॉलमला बारदान गुंडाळलेलं असतं, ते दुपारी बारापर्यंत पापडासारखं वाळतं. घरात प्यायला दोन हंडे उरलेत, ते कुणाला द्यायचे, पोरांना की कॉलमला? अभियंत्याला विचारा, तो कॉलम म्हणेल.

भिंती चार इंचीच घ्या, कॉलमही मोजकेच ठेवा. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीची जड माळवदं कोसळून हजारो माणसं गेली, तेव्हापासून आपण माळवद सोडलं आणि सिमेंटवर भरवसा टाकला. सळई कुठं, किती घातली हे विचारायची रीत मात्र पडली नाही.

घर झालं की दोन वर्षांत वरचा मजला चढवा. पाया एका मजल्याचा आहे हे कुणी सांगितलंच, तर त्याला भाडेकरू म्हणून वरच ठेवा. भाडं अनामतीसकट आगाऊ घ्या.