कारण नसताना फिरणारी म्हातारी माणसं

रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची तिकीट-सवलत मार्च 2020 मध्ये करोनाचं निमित्त करून बंद केली. करोना गेला, सवलत परत आली नाही. पुरुषांना 40 टक्के आणि बायकांना 50 टक्के मिळायची, त्यासाठी गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ निवेदनं देत राहिले. इकडे राज्यात मात्र उलटं वारं. एसटीने ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास दिला, आणि 2024 मध्ये तीर्थदर्शन योजना आली. साठी उलटलेल्या, कमी उत्पन्नाच्या माणसांना सरकारी खर्चाने देवदर्शन, माणशी 30,000 रुपयांपर्यंत.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावरून दोन तट आहेत. पुतण्याचं म्हणणं, कर आम्ही भरायचा आणि फुकटची खैरात सरकारने करायची. दादा उसळून लिहितो, आम्ही चाळीस वर्षं भरला तो काय होता? दोघांचंही पटतं. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकत राहते. दोन्ही बाजूंनी एक मुद्दा न बोलता मान्य केलेला आहे: म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडायला कारण लागतं. देवदर्शन चालेल. लग्नकार्य, सुनेचं बाळंतपण, मोतीबिंदूचं ऑपरेशन चालेल. जावंसं वाटलं म्हणून गेलो, हे कुणाच्या हिशेबात नाही.

मी हे सगळं वाचते ती ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइट नावाच्या गावाबाहेर, वाळवंटात उभ्या केलेल्या आरव्हीत बसून. न्यू जर्सीतली नोकरी संपल्यावर आम्ही दोघांनी एक जुनी आरव्ही घेतली: ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली एक खोली, त्यात शेगडी, फ्रिज, पलंग, संडास. लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते. वर्षभर ती ॲरिझोनात एका यार्डात पडून असते, थंडी आली की आम्ही विमानाने येतो नि तिच्यात राहायला जातो. युमा आणि आहो (Ajo) ही गावं, ऑर्गन पाइपचा निवडुंगांचा प्रदेश, कॅलिफोर्नियातलं बोरेगो स्प्रिंग्ज, मन रमलं तर डेथ व्हॅली. फेब्रुवारी सरला की परत. काम काहीही नाही.

क्वार्ट्‌झसाइट हे अजब गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. जानेवारीत मात्र हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर आरव्ह्या. दिवसा पुण्याच्या डिसेंबरसारखं ऊन, रात्री चार-पाच अंशांवर गारठा. मिनेसोटा, मिशिगन, कॅनडातलं सस्कॅचवान, जिथे जिथे बर्फ पडतो तिथून पेन्शनर मंडळी खाली उतरलेली असतात. गावातलं नाव घेण्यासारखं स्मारक म्हणजे हाय जॉली या उंटवाल्याची समाधी. हाजी अलीचं इथल्या लोकांनी केलेलं रूप. 1856 मध्ये अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्यासोबत हा ऑटोमन मुलखातून आला. उंटांचा प्रयोग बारगळला, हा इथेच राहिला आणि 1902 मध्ये वारला. समाधीचा दगडी पिरॅमिड, वर धातूचा उंट. भटक्यांच्या गावाला याहून योग्य ग्रामदैवत सापडलं नसतं.

आता दादाचा ठरलेला प्रश्न: "तुमच्याकडे डॉलर आहेत म्हणून हे चाललंय ना?" अर्धं खरं आहे. पण फक्त अर्धंच. आजूबाजूला बघितलं तर आमच्यासारखे किंवा आमच्याहून सुखवस्तू लोक आहेत, आणि पडदे लावलेल्या जुन्या व्हॅनमध्ये राहणाऱ्या एकट्या बायकाही आहेत, ज्यांचं सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, चेकवर घरभाडं भागत नाही. त्यातल्या काही जणी उन्हाळ्यात सरकारी कॅम्पग्राउंडची राखण करतात, ऑक्टोबरात नॉर्थ डकोटाच्या बाजूला बीटाच्या काढणीला जातात. सत्तरीच्या बाईने बारा तासांच्या पाळीत बीटाच्या ढिगाशी उभं राहणं याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. अमेरिकेची ही बाजू झाकून ठेवून घरच्यांना फोटो पाठवणारी मंडळी आहेत, मला त्यांचा राग येतो.

तरीही हे सगळे एकाच वाळवंटात शेजारी शेजारी राहू शकतात, त्याचं कारण जमीन. इथलं वाळवंट बरंचसं केंद्र सरकारच्या जमीन खात्याचं आहे. त्यावर 28 दिवसांत 14 दिवस कुणीही फुकट मुक्काम करावा, मग पंचवीस मैल पुढे सरकावं. ज्यांना एका जागी हिवाळा काढायचा आहे त्यांच्यासाठी 1983 पासून वेगळे तळ राखले आहेत. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा त्यांचा मोसम. या सात महिन्यांचं शुल्क कित्येक वर्षं 180 डॉलर होतं. न्यू जर्सीत तेवढ्यात दोन रात्रींचं बरं हॉटेल मिळत नाही. क्वार्ट्‌झसाइटजवळच्या ला पोसा तळावर या पैशांत पाण्याचा नळ, कचरा टाकायची सोय, कोरडे संडास आणि मैलापाणी सोडायचं ठिकाण मिळतं. वीज नाही, गाडीपर्यंत नळजोड नाही, झाडाची सावलीही नाही. बासष्टी गाठलेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला 80 डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास. 2017 पर्यंत तो 10 डॉलरला होता, वाढवला तेव्हा पुष्कळ ओरड झाली. म्हाताऱ्यांच्या सवलतीवरची भांडणं इथेही आहेत, फक्त कुठे निघालात हे कुणी विचारत नाही.

माणदेशात वाढलेल्या बाईला या जगण्यातलं एक शिकावं लागलं नाही: पाणी. टाकीत दीडशे लिटर, ते आठवडाभर पुरवायचं. ताट आधी कागदाने पुसून घ्यायचं मग धुवायचं, तांदळाचं धुवण बादलीत काढायचं, आंघोळ म्हणजे नळ सोड, बंद कर, साबण लाव, पुन्हा सोड. शेजारचे ओहायोवाले गृहस्थ पहिल्या वर्षी तीन दिवसांत टाकी रिकामी करून बसले होते. दहिवडीला टँकरची वाट पाहिलेली माझी आई इथे आली असती तर तिने त्या माणसाला चार शब्द सुनावले असते.

दुसरी गोष्ट मात्र आम्हाला शिकावीच लागली, आणि तिच्याविषयी घरी बोललं की फोनवर शांतता पसरते. आरव्हीच्या पोटात दोन टाक्या असतात, एक संडासाची, एक मोरीच्या पाण्याची. भरल्या की तळावरच्या खड्ड्याशी रांग लावायची. हातमोजे चढवायचे, जाड नळी गाडीच्या तोंडाला आणि दुसरं टोक जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवायचं, आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. रांगेत पुढे एक निवृत्त दंतवैद्य, मागे एक माजी पोलीस अधिकारी, दोघांच्या हातात तीच नळी. कुणी नाक मुरडत नाही, उलट गप्पा चालतात. वहिनीने विचारलं, "तिथे माणूस नाही का ठेवलेला?" नाही, वहिनी. आपली घाण आपण काढायची, हा तळाचा नियम.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्याकडे हाताने मैला साफ करायला लावण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि तरी गटारात उतरून माणसं मरतात. सार्वजनिक संडास बांधताना उद्घाटनाची फीत असते, पण तो रोज कोण धुणार हे कागदावर कुठेच नसतं, कारण कोण धुणार ते सगळ्यांनी मनात गृहीत धरलेलं असतं. मग त्याला पगार कमी, पाणी नाही, आणि वर्षभरात दाराला कुलूप. सवलतींच्या वादात ही गोष्ट येत नाही, पण म्हाताऱ्यांचं फिरणं याच्यावरच अडलेलं आहे. साताऱ्याच्या माझ्या आत्याचं वय एक्याऐंशी. एसटी तिला फुकट. पण कुठे जायचं असलं की ती आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडते. सकाळचा चहासुद्धा अर्धा कप. स्टँडवरच्या संडासात ओल्या फरशीवर गुडघे धरून बसायचं, उठताना धरायला काही नाही, कडी नाही, पिशवी टांगायला खुंटी नाही. शिवाय एसटीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याइतकी उंच. तिकिटाचे पैसे तिच्या काळजीच्या यादीत फार खाली आहेत. रेल्वेची सवलत परत यावी असं मलाही वाटतं; पण धरायला एक लोखंडी दांडा आणि वाहतं पाणी यासाठी एखाद्या संघाने मोर्चा काढला तर मी इथून वर्गणी पाठवीन.

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे आरव्हीसारख्या गाडीतून फिरण्याचं, धोरणही आणलं. चांगलंच आहे, पण त्याचं गिऱ्हाईक शनिवार-रविवारी सुटणारी तरुण कुटुंबं. आत्याला कॅराव्हॅन नको आहे.

घरच्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: आजारी पडलात तर? इथे मी गप्प बसते, कारण क्वार्ट्‌झसाइटला रुग्णालय नाही. पस्तीस मैलांवर पार्कर, नाहीतर कोलोरॅडो नदी ओलांडून ब्लाइथ. पासष्टीनंतरचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मूळ स्वरूपात देशभर कुठेही चालतो, हा मोठा आधार. पण खाजगी कंपन्यांमार्फत घेतलेल्या स्वस्त योजना बहुधा आपल्या भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात, आणि ते फिरस्त्यांना नेमकं नको तेव्हा कळतं. मुलांच्या मागोमाग उतारवयात इथे आलेल्या आईवडिलांना तर ग्रीन कार्डानंतर पाच वर्षं मेडिकेअर विकतसुद्धा घेता येत नाही. दातांचं नेहमीचं काम तर मूळ मेडिकेअरमध्ये येतच नाही. म्हणून युमाजवळ गाडी लावून हजारो अमेरिकन म्हातारे पायी सरहद्द ओलांडतात आणि मेक्सिकोतल्या लोस आल्गोदोनेस गावात दात बसवून घेतात. पावलापावलावर दातांचे दवाखाने, मधे चष्म्याची दुकानं, परतताना हातात औषधांच्या पिशव्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची ही गत. आमच्या ओळखीची मराठी मंडळी हेच काम पुण्यात करून येतात, फरक विमानाच्या तिकिटाचा.

आणि हात थरथरायला लागले, गाडी चालवता येईना, मग? टेक्सासात लिव्हिंग्स्टन इथे फिरस्त्यांच्या एस्केपीज या क्लबने त्यासाठी तळ केला आहे. आरव्ही तिथे कायमची लावायची, राहायचं तिच्यातच, जेवण, मदतनीस, दवाखान्यात नेणं-आणणं क्लबशी जोडलेली एक सेवासंस्था बघते. आमच्याकडच्या वादात दोनच खुर्च्या असतात, मुलाचं घर आणि वृद्धाश्रम, आणि आईवडिलांना सांभाळण्याच्या 2007 च्या कायद्याने पहिल्या खुर्चीला पोटगीचा दांडा लावला आहे. फिरून थकलेल्या माणसांनी आपल्याच वयाच्या लोकांशी मिळून केलेली ही तिसरी सोय मला या दोन्हींहून शहाणपणाची वाटते.

"तुम्ही एकटे पडाल" हे पुतण्या कळवळून लिहितो, त्याला मी हसत नाही. आमची मुलगी सिएटलला, तिचा फोन रविवारी. पण तळावर एकटं राहायचं म्हटलं तरी राहता येत नाही. कुणाचा इन्व्हर्टर बिघडतो, कुणी दगड गोळा करायला बोलावतं, संध्याकाळी शेकोटीला कुणीतरी बँजो काढतं. आम्ही एकदा भरली वांगी केली तर सस्कॅचवानवाल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी वाटी परत आणताना त्यात बेरीचा मुरंबा घातला होता. रिकामी वाटी परत करायची नसते हे तिला कुणी शिकवलं देव जाणे. मार्चमध्ये सगळे पांगतात, त्यातले काही पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि का आले नाहीत हे शेजाऱ्याला विचारायला धीर होत नाही. तेवढं एकटेपण आहे.

आपल्याकडे कारणाशिवाय हिंडण्याची परंपरा नव्हती असं नाही. निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेला निघालेली कितीतरी मराठी माणसं मला माहीत आहेत. काठावरची गावं त्यांना सदावर्त देतात, आश्रमात पाठ टेकायला जागा मिळते. विचारलं तर ती पुण्याईचं बोलतात. पण जरा खोदलं की चालण्याचा आनंद, रोज नवं गाव, घरातल्या कटकटीतून सुटका, असं खरं कारण बाहेर येतं. देवाच्या नावाने निघालं की समाज जेवूसुद्धा घालतो. नावाशिवाय निघालं की पोरं दवाखान्यात मेंदूची तपासणी करायला नेतात.

आत्याचंच घ्या. तिला दापोलीला जायचं आहे. तिकडे नातेवाईक कुणी नाही, नवस नाही. एकदा दोन दिवस समुद्र बघत बसायचंय, एवढंच. तिच्या मुलाने विचारलं, काम काय आहे तिथे? मग तो म्हणाला, त्यापेक्षा तीर्थदर्शनाचा फॉर्म भरतो, सगळं फुकट आहे, बरोबर माणसंही असतील. आत्याने मला फोन केला. मी तिला म्हटलं, फॉर्म भरू नकोस, पुढच्या डिसेंबरात मी येते, गाडी ठरवू, आणि वाटेतल्या बऱ्या हॉटेलांतले कमोड मी आधी फोन करून विचारून ठेवते. ती म्हणाली, मुलाला काय सांगू? मी म्हटलं, काही सांगू नकोस. त्याने फारच विचारलं तर मला फोन लावायला सांग.